पंप मागितला, मी आलो

मी पियानो बोलतोय. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावी, एका हॉटेलात, बैठकीच्या खोलीत खिडकीशेजारी उभा आहे. उभा म्हणायचं एवढंच. स्वस्थ मी कधी नव्हतो. उन्हाने माझं लाकूड तडतडतं, तारा सैलावतात, आणि मन पुन्हा पुन्हा त्या वस्तीकडे जातं.

सिडनीतले लोकरीचे बडे व्यापारी ऑगस्टस हार्ट यांनी मला विकत घेतलं. हार्टसाहेब ज्यू. त्यांचे आजोबा बेड्या घालून, कैद्यांच्या जहाजातून या देशात उतरले होते. नातू बंगल्यात राहत होता, पण आजोबांचा विषय त्या घरात कोणी काढत नसे. रशियात ज्यूंची घरं जळू लागली, तेव्हा तिथून पळून आलेल्या अकरा कुटुंबांना साहेबांनी इकडे क्वीन्सलँडमध्ये, टूवूंबापासून गाडीने दिवसभराच्या वाटेवर, जमीन दिली. सफरचंदाची रोपं दिली, एक लाकडी हॉल बांधून दिला. जमीन मात्र साहेबांच्याच नावावर. दहा वर्षं त्यांच्या नियमांनी नांदलात, तर तुमची.

वस्तीची विहीर साठ फूट खोल. लोकांनी पत्र लिहून साहेबांकडे पंप मागितला. आणि आलो मी.

माझ्या कपाळावर पितळी पट्टी होती, ‘हार्ट परिवाराकडून सप्रेम’. रस्त्याने जाणाऱ्या इंग्रजाला या वस्तीतून संगीत ऐकू यावं, दारिद्र्य दिसू नये, असं साहेबांना वाटे. मला गाडीतून उतरवलं तेव्हा लोक रिकाम्या गाडीत पंप शोधत राहिले. मग वस्तीचा म्होरक्या मेंडेल याने घसा खाकरून आभार मानले, आणि सगळ्यांनी माझ्याभोवती उभं राहून फोटो काढला. तसा फोटो दर वर्षी सिडनीला पाठवायचा, हाही नियमच.

वाजवणारं कोणी नव्हतं असं नाही. मेंडेलची बायको फ्रायडा लहानपणी शिकलेली होती. पण बादल्या ओढून ओढून तिच्या तळव्यांना घट्टे पडले होते, बोटं वळत नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात निम्मी रोपं वाळली. मी सावलीत, पॉलिश लावून उभा.

दुसऱ्या वर्षी शालोम आला. शालोम नागावकर, सुतार, अलिबागजवळच्या नागावचा. इथून हिंदुस्थानात घोडे नेणाऱ्या बोटीवर काम करता करता वीस वर्षांपूर्वी सिडनीत उतरला, तो परत गेलाच नाही. माझा एक पाय मोडला होता, तो बसवायला त्याला बोलावलं. शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये प्रार्थना सुरू झाली आणि दाराबाहेर हा काळासावळा माणूस तीच प्रार्थना पुटपुटू लागला. सगळे वळून बघायला लागले. त्याने सांगितलं, आम्ही कोकणातले ज्यू. गावात आम्हाला शनवार तेली म्हणतात, कारण शनिवारी आमचा घाणा बंद.

मेंडेलने त्याच्यासाठीही जमीन मागितली. साहेबांचं उत्तर आलं, की ही मदत आपल्या लोकांसाठी आहे. हा हिंदी माणूस मजुरीला ठेवायला हरकत नाही. तो राहिला. ज्यूंच्या प्रार्थनेला निदान दहा ज्यू पुरुष लागतात. कधी नऊच जमले, तर सगळे दहाव्याची वाट बघत बसत, आणि शालोम दाराशी बसलेला असे. त्याला कोणी मोजत नसे. नंतर तो मला पुसायला येई आणि मराठीत बोले. दुसरं ऐकणारं होतं कोण? मला तेव्हा फार तगमग व्हायची. मला ओठ असते तर मीच त्यांना मोजून दाखवलं असतं.

१९१९च्या मे महिन्यात इन्फ्लुएंझाची साथ वस्तीत शिरली. हॉलचं इस्पितळ झालं. माझ्यावर औषधाच्या बाटल्या, ओल्या चादरी. शालोम तेवढा धडधाकट. तो विहिरीवरून हॉलमध्ये आणि हॉलमधून विहिरीवर पळत होता. फ्रायडाही अंथरुणाला खिळली. मग एक म्हातारा शिंपी गेला. त्याला पुरायला, प्रार्थना म्हणायला, शालोम सोडून कसेबसे पायावर उभे राहतील असे पुरुष होते नऊ.

मेंडेल हॉलमध्ये आला. शालोम चादर पिळत होता.

“शालोम, दहावा म्हणून ये.”

शालोमने चादर पुरती पिळली. “आज मोजताय, ते उद्याही मोजणार का?”

मेंडेलने पिळलेली चादर त्याच्या हातातून घेतली. “मोजीन,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शालोमने सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं. टूवूंबाच्या हॉटेलवाल्याकडे एक पंप पडून आहे, त्याला गाणंबजावणं हवंय, हा देऊन तो आणू. मेंडेलचा चेहरा उतरला. साहेबांना कळलं तर जमीन जाईल, तो म्हणाला. साथीमुळे न्यू साउथ वेल्सकडची, म्हणजे सिडनीकडची, हद्द बंद होती म्हणून साहेब आले नव्हते, पण कधीतरी येणारच होते.

“दहावा माणूस म्हणून बोलतो,” शालोम म्हणाला. “पाणी ओढायला माणूसच उरलं नाही, तर ती जमीन कसणार कोण?”

मला गाडीत चढवलं. खोटं कशाला सांगू, वाईट वाटलं. पण वाटभर हेही वाटत होतं, की गाडीवाल्याने घोडे जरा जोरात हाकावेत.

सप्टेंबरात, साथ ओसरल्यावर, हार्टसाहेब आले ते नेमके याच हॉटेलात उतरले. त्यांना न्यायला वस्तीची गाडी घेऊन शालोमच आला होता. साहेबांचं बोट माझ्या पट्टीवरून फिरलं आणि थांबलं.

“हा इथे कोणी आणला?”

“मी. पंपाच्या बदल्यात दिला.”

“तू कोण?”

“शालोम नागावकर. माझ्यासाठी तुमच्याकडे जमीन मागितली होती.”

साहेबांना आठवलं असावं. ते म्हणाले, “नियम मोडला की काय होतं, माहीत आहे ना?”

“साहेब, मला तुम्ही काही दिलंच नाही. माझ्याकडून काढून काय घेणार?”

माझ्या तारा ताणल्या गेल्या. साहेब खिडकीकडे वळले. मग त्यांनी विचारलं, साथीत किती गेले? शालोम म्हणाला, पंप बसायच्या आधी तीन, नंतर एक. साहेबांनी हॉटेलवाल्याकडून स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, आपल्या हाताने पट्टीचे चारही स्क्रू काढले आणि पट्टी खिशात टाकली. “चल,” एवढंच म्हणाले. रागाने की शरमेने, मला कळलं नाही.

महिन्याने शालोम स्वतः बनवलेल्या लाकडी पेट्या हॉटेलात पोचवायला आला, तेव्हा त्याच्याकडून पुढचं समजलं. साहेबांनी स्वतः पंपाचा दांडा मारला, ते ओंजळभर पाणी प्यायले आणि परतले. नंतर एका ओळीचं पत्र आलं, यंदा फोटो पाठवू नये. जमिनीचे कागद अजून आलेले नाहीत. शालोमलाही काही मिळालं नाही. पण मेंडेलने आपल्याच जमिनीतला एक तुकडा कुंपण घालून त्याला दिला, नियमात बसत नसताना. आणि फ्रायडा बरी झाली, म्हणून शालोमने एलियाहू हन्नाबीला, कोकणातल्या ज्यूंच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, बोललेला नवस फेडला. त्याच्या मलिद्याला पोहे लागतात, ते इथे कुठले मिळायला? ओटचा मलिदा केला, नारळ आणि सफरचंद घालून. त्याच्या घरासमोर बसून सगळ्यांनी खाल्ला.

मी इथेच आहे. सूर उतरलेत, शनिवारी लोक माझ्यावर ग्लास ठेवतात. तक्रार नाही. तुम्हाला एकच विनवणी. कुणाला काही द्यायला निघालात, तर आधी त्यांच्या विहिरीत डोकावून बघा. नाहीतर माझ्यासारखी एखादी देखणी वस्तू तिथे जाऊन पोचते, सगळे तिचे आभार मानतात, आणि तिला आयुष्यभर मान वर करवत नाही.