चार गड्यांची चढाई

अण्णांनी जुन्या अंकाचं पान दोन्ही हातांनी सपाट धरलं आणि हर्षदाने स्कॅनरचं बटण दाबलं.

"अंगठा काढा, अण्णा. बातमीवर येतोय."

अंगठा हलला नाही. हर्षदाने वाकून पाहिलं. 'चढाओढ' मासिकाचा १९७८चा अंक, अंबरनाथची कारखान्यांची कबड्डी स्पर्धा, अंतिम सामना. बदलापूरच्या वाचनालयाने जुने क्रीडा अंक संगणकावर चढवायचं काम तिला दिल्यापासून सासरे रोज न बोलावता मदतीला बसत. कशासाठी, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एका चढाईत चार गडी टिपून आपण सामना फिरवला, ही त्यांची हकिगत तिनेही लग्नापासून शंभरदा ऐकली होती. मुळात दोन असतील, बाकीचा मीठमसाला, असं तिचा नवरा नितीन म्हणे, आणि सगळे हसत. अण्णाही हसत, पण त्यांना ते लागे.

बातमीत फोटो होता. चढाई करणारा खेळाडू पाठमोरा. खाली छापलं होतं: एकाच चढाईत चार गडी बाद करणारा शिवराम भोईर.

"हे तर दुसरेच कुणी," हर्षदा म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं.

"मीच तो. मी बदली कामगार होतो गं. स्पर्धेत फक्त कायम माणसं चालायची. शिवराम कायम होता, पण खेळात अगदीच ढ. त्याच्या कार्डावर मी उतरलो. तेव्हा सर्रास चालायचं."

"मग इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

"कळलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. कुणाला सांगणार नाही, असा शब्द दिला होता. पुढे कारखानाच बंद पडला, पण शब्द तो शब्द. गेल्या वर्षी तोही गेला."

हर्षदाने संगणकावर अंकातल्या खेळाडूंच्या नावांची यादी उघडली.

"खाली टीप देऊन तुमचं नाव घालते. नितीनला आज दाखवूच."

अण्णांचा चेहरा खुलला. मग ते पडद्याजवळ सरकले.

"फोटो जरा मोठा कर."

दोरीपलीकडच्या गर्दीत एक किडकिडीत तरुण तोंड वासून ओरडत होता. खांद्यावर कुणाचा तरी शर्ट. पायात चपला होत्या, आणि आणखी एक जोड त्याने छातीशी घट्ट धरला होता.

"हाच शिवराम," अण्णा म्हणाले. "माझ्या चपला नव्या होत्या. कुणी ढापू नये म्हणून सबंध सामनाभर धरून उभा होता येडा."

हर्षदाला हसू आलं नाही. त्या चपला पाहून तिला सगळंच पटलं, चार गड्यांसकट. इतकी वर्षं आपणही हसलो, याची तिला लाज वाटली.

अण्णांनी पडद्यावरच्या त्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"चामटोलीला त्याची बायको बनूबाई असते. पुरात घरातले सगळे फोटो गेले. दिवसांना भेटायला गेलो, तर हार घालायला तसबीर नव्हती. तिला एवढा चेहरा छापून देशील?"

"देते की. आणि नावाचं?"

"तो घरी सांगायचा, चार गडी मीच टिपले म्हणून. नातवंडं हसायची म्हणे." अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "त्यांना हे पान दिसू दे. नाव आहे तेच ठेव."

हर्षदाने यादीत शिवराम भोईर असं लिहिलं आणि फोटोतल्या तरुणाच्या चेहऱ्याभोवती चौकट ओढली.

"जरा खालून घे," अण्णा म्हणाले. "चपला कापू नकोस."