चुनोकला ताप येत नाही

जेजू बेटावर डिसेंबरचा वारा बोचायला लागला, की पाणबुड्या बायका समुद्रात उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या दगडी आडोशात शेकोटीभोवती बसतात. तिथं सगळ्यांत मोठा आवाज चुनोकचा. वय ऐंशीच्या घरात. "कित्येक वर्षांत मला ताप शिवलेला नाही," हे तिचं पालुपद. माल्जा तिच्याहून थोडी लहान, म्हणून तिला 'ऑन्नी', म्हणजे थोरली बहीण म्हणायची. पण लग्न होऊन या गावात आल्यापासून दोघींचं एकमेकींवर कुरघोडी करणं काही थांबलं नव्हतं.

त्या सकाळी माल्जानं मुद्दाम खोडी काढली. "ऑन्नी, काल तुझ्या जाळीत शिंपल्यांपेक्षा शेवाळच जास्त होतं म्हणे."

चुनोक शेकोटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असेल."

'असेल' म्हणून सोडून देणारी ही बाई नव्हे. माल्जानं चुनोकच्या कपाळाला हात लावला, तर ते गार. सकाळी काय खाल्लंस विचारलं, तर म्हणे भूकच नव्हती.

"ऊठ, दवाखान्यात जाऊ."

"ताप नाही, खोकला नाही. तिथं जाऊन काय दाखवू, गुडघे?"

"गुडघे दाखव. पण चल."

दवाखान्यातल्या डॉक्टर हान वयानं नातीसारख्या. त्यांनी ताप पाहिला; नव्हता. चुनोकनं माल्जाकडे विजयी नजर टाकली. पण बोटाला चिमटा लावल्यावर प्राणवायू कमी निघाला, पाठीला नळी लावल्यावर डॉक्टरांचा चेहरा बदलला, आणि छातीचा फोटो काढला तर न्यूमोनिया.

"ताप नसताना?" माल्जानं विचारलं.

"आजी, वय झालं की अंगातले राखणदारही म्हातारे होतात," डॉक्टर म्हणाल्या. "खरा चोर घरात शिरला तरी नीट ओरडत नाहीत, म्हणून ताप चढत नाही. आणि चोर नसताना उगाच गुरगुरत बसतात. अंगात बारीक दाह धुमसतच राहतो; दुखऱ्या गुडघ्यांना तोही नडतो. म्हातारं माणूस एकाएकी गप्प झालं, जेवेनासं झालं, तर तोच ताप समजायचा. तुम्ही वेळेवर आणलंत."

"म्हणजे ही भांडतेय तोवर काळजी नाही," माल्जा म्हणाली.

चुनोकला मोठ्या इस्पितळात ठेवलं. माल्जा रोज शिंपल्यांची पेज घेऊन जायची. सुरुवातीला चुनोक दोन घास मुकाट्यानं गिळायची. मग एक दिवस चमचा खाली ठेवून म्हणाली, "मीठ महाग झालंय का गं?" माल्जा बाहेर गेली आणि भिंतीला टेकून डोळे पुसत हसत राहिली.

चुनोक पुरती बरी झाल्यावर डॉक्टरांनी दोघींनाही न्यूमोनियाची लस टोचली. म्हातारपणी लसही जरा कमीच लागू पडते, पण जिवावरचं दुखणं बरंचसं टळतं, असं त्यांनी समजावलं. दुसऱ्या दिवशी चुनोकचा दंड सुजला. तो तिनं साऱ्या बायकांना उघडा करून दाखवला.

"बघा, माझं अंग अजून झुंजतंय. माल्जा, तुझा हात कसा आहे?"

माल्जाचा हात अजिबात दुखत नव्हता. ती तडक दवाखान्यात गेली. "मला परत टोचा. पहिली लागलेली नाही."

डॉक्टरांना हसू आवरेना. "हात न दुखताही लस लागते, आजी."

माल्जानं किनाऱ्यावर येऊन हे सांगितलं, तर चुनोक बुडी मारायचा चष्मा डोळ्यांवर ओढत म्हणाली, "मन राखायला सांगतात गं तसं."

"आधी पाण्यात तर उतर," माल्जा म्हणाली आणि तिच्या आधी स्वतःच उतरली.