अध्यक्षबाईंचे अर्धे वाक्य

मित्रांनो, मी पूजेतली घंटा नव्हे. मी सभेतली आहे, एक जुनी पितळी घंटा. काशीत बालाजी घाटाजवळ महाराष्ट्रीय मंडळींची एक सभा आहे. तिच्या अध्यक्षांच्या टेबलावर माझे आयुष्य गेले. ठठेरी बाजारातल्या कारागिराने मला घडवले. दांडा शिसवी आहे, आणि त्याचा मला अजूनही थोडा तोरा आहे.

सभेचा एक नियम होता. मी वाजले की बोलणाऱ्याने खाली बसायचे, वाक्य अर्धे असले तरी. घंटेनंतरचा शब्द इतिवृत्तात लिहीत नसत. मोठमोठे शास्त्री माझ्यामुळे तोंड मिटून बसत, तेव्हा मी मनातून फुगत असे.

१९९४ साली अध्यक्षपदासाठी दोघे जण हट्टाला पेटले. तोडगा म्हणून शाळेतून निवृत्त झालेल्या शरदिनीबाईंचे नाव पुढे आले. बाई सह्या करतील, कारभार आपण पाहू, असा सगळ्यांचा बेत होता. अशी सभेला पहिली महिला अध्यक्ष मिळाली. हार पडले, फोटो निघाला. त्या फोटोत मीही आहे.

पहिल्याच बैठकीत बाईंचे भाषण लांबले. तेव्हा त्यांनी स्वतःच मला वाजवले आणि त्या खाली बसल्या. लोक हसले. मी मात्र त्या दिवसापासून त्यांची झाले.

सभेच्या मागच्या खोल्यांत चार म्हाताऱ्या विधवा राहत. काशीत मरण आले की जीव सुटतो, या एका भरवशावर त्या आपापले गाव सोडून आल्या होत्या. त्या खोल्या पाडून यात्रेकरूंसाठी नव्या बांधाव्यात, असे उपाध्यक्ष रत्नाकर यांच्या मनात होते. चौघींसाठी त्यांनी गंगेपलीकडे रामनगरला जागाही पाहिली होती. पण पलीकडचा काठ काशीत धरत नाहीत. बाईंनी तीन वर्षे तसा ठराव येऊ दिला नाही. "मी त्या चौघींना शब्द दिला आहे," एवढेच त्या म्हणत.

मग १९९७ मध्ये बाईंवरच अविश्वासाचा ठराव आला. त्या दिवशी अध्यक्षांच्या खुर्चीत रत्नाकर होते. ते बाईंच्याच हाताखाली शिकलेले. बाईंना पाच मिनिटे मिळाली, आणि ती आरोपांना उत्तरे देण्यातच सरली. शेवटी त्या म्हणाल्या, "माझं जाऊ द्या. पण या चौघींना मी..."

रत्नाकरांनी मला उचलले. मी वाजले.

मित्रांनो, त्या एका क्षणी मी मुकी झाले असते तर! पण पितळेला ते कुठे जमते? बाई खाली बसल्या. मागे दाराशी त्या चौघींतल्या गीताबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, बोला ना. थांबलात कशाला?"

"घंटा झाली, गीताबाई," बाई म्हणाल्या. "नियम मलाही बराबर लागू आहे."

हात वर झाले, ठराव मंजूर झाला. रत्नाकर अध्यक्ष झाले, आणि महिन्याभरात चौघी बोचकी घेऊन नावेने पलीकडे गेल्या. बाई दर मंगळवारी त्यांना भेटायला जात. तिघी तिथेच वारल्या. प्रत्येकीच्या वेळी बाई आणखी खचल्या, आणि १९९९ च्या थंडीत त्याही गेल्या.

शोकसभेत पहिल्या महिला अध्यक्ष म्हणून सगळे त्यांच्याबद्दल भरभरून बोलले. कुणी वीस मिनिटे घेतली, तरी मला कोणी हात लावला नाही. शेवटी रामनगरहून आलेल्या गीताबाई उठल्या.

"बाईंचं वाक्य अर्धं राहिलं होतं. मी पुरं करते. या चौघींना मी पलीकडे मरू देणार नाही. आता तरी लिहून घ्या, रत्नाकर भैया."

रत्नाकरांचा हात माझ्यावर होता. पण त्यांनी मला वाजवले नाही. तरीही लिहिणाऱ्याने पेन उचलले नाही. शोकसभेत फक्त ठराव लिहितात म्हणे. गीताबाईंची नाव सुटायची वेळ झाली होती. त्या निघून गेल्या.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. मी काळी पडले तरी चालेल. उद्या तुमच्या हाती एखादी घंटा आली, तर समोरच्याचे वाक्य आधी पुरे होऊ द्या. आणि आणखी एक. गीताबाई अजून रामनगरलाच आहेत. नाव रोज जाते, रोज येते. त्यांना अलीकडे आणायला कोणी जाईल का?