‘प्रिव्हेंट’चा जुना अर्थ

अण्णांनी कोर्टात तीस वर्षं भाषांतरं केली, पण एकाही कागदावर कुणाला बोट ठेवता आलं नव्हतं. त्यामुळे निवृत्तीनंतर प्रार्थनागृहाने धर्मग्रंथाच्या जुन्या इंग्रजी प्रतीचं मराठी करायला दिलं, तेव्हा त्यांना तो डाव्या हातचा मळ वाटला. प्रुफं तपासायला शेजारच्या मास्तरीणबाई होत्या. काना-मात्रेची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. इंग्रजी मात्र त्यांना येत नव्हतं. तिथे सगळी भिस्त अण्णांवर.

एका स्तोत्रात ओळ होती, की देवाची दया मला ‘प्रिव्हेंट’ करील. अण्णांनी क्षणभरही न थांबता लिहिलं, ‘देवाची दया मला अडवील.’

आठवड्याने बाई प्रुफं घेऊन आल्या. त्यांची मुलगी नऊ वर्षांपूर्वी आईशी भांडून, मनासारखं लग्न करून गेली होती. आता तिचं पत्र आलं होतं : पोटाचं ऑपरेशन आहे, येशील का? बाईंनी तिकीट काढलं, बॅग भरली आणि निघायच्या आदल्या दिवशी नेमकी ही ओळ तपासायला घेतली.

“देवानेच अडवलं म्हणायचं,” त्या म्हणाल्या. “बॅग रिकामी केली.”

अण्णांनी गंभीरपणे मान डोलावली. आपल्या शब्दाला एवढं वजन आलं म्हणून अंगावर मात्र मूठभर मांस चढलं होतं.

चार महिन्यांनी शेवटचा हात फिरवताना त्यांनी दुसऱ्याच एका शब्दासाठी जुना जाडजूड कोश उघडला आणि नजर ‘प्रिव्हेंट’वर पडली. त्या काळी त्याचा अर्थ अडवणं असा नव्हताच. पुढे होऊन सामोरं जाणं, असा होता. देवाची दया मला सामोरी येईल. अण्णांना बाईंनी रिकामी केलेली बॅग आठवली.

त्यांनी ओळ दुरुस्त केली खरी, पण ते पान बाईंना न दाखवता परस्पर छापखान्यात दिलं. तीन दिवस अन्न गोड लागेना. बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं ओकले. कोर्टात कुणी अशी लपवाछपवी केली असती तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता, एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोश काखेत मारून ते बाईंकडे गेले. बाई भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा लावून कोशातलं ते न कळणारं पानही बराच वेळ पाहिलं.

“चूक तुमचीच, अण्णा,” त्या म्हणाल्या. “पण मलाही निमित्तच हवं होतं. एका ओळीपायी कुणी पोटच्या पोरीला टाकतं का?” मग भाजीचं ताट बाजूला सारून म्हणाल्या, “आता माझ्याबरोबर चला. तिला हे तुम्ही सांगायचं.”

रविवारी दोघं बसने निघाली. पाच तासांचा प्रवास होता. मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहत होती. दार तिनेच उघडलं. पार वाळून गेली होती. तिने आईला आत घेतलं, अण्णांना खुर्ची दिली, पाणी दिलं. अण्णांनी शब्दापासून परस्पर दिलेल्या पानापर्यंत काही हातचं राखलं नाही.

“ऑपरेशनला आत नेताना मी नर्सला दोनदा थांबवलं होतं,” ती म्हणाली. “म्हटलं, आई येतेच आहे.”

बाईंनी चष्मा काढला. मुलीने त्यांचा हात हातात घेतला. अण्णांकडे पुन्हा पाहिलं नाही. शब्द जुळवण्यात हयात घालवलेल्या त्या माणसाला ‘चुकलो’ याखेरीज एक शब्द सापडला नाही, आणि तोही ते पाण्याच्या पेल्याकडे बघत पुटपुटले. मग उठून जिन्यात जाऊन बसले.

परतीची बस पाचला होती. साडेचारला बाई बाहेर आल्या. आठवडाभर राहतेय, म्हणून त्यांनी सांगितलं आणि दार लोटून घेतलं. अण्णा एकटेच जिना उतरले.