पट्टीखालच्या अकरा ओळी

शाळेच्या वाचनालयात ते नाटक सापडलं तेव्हा मी आधी हसले. आमच्या घरी जे पुस्तक देवासारखं जपलं जायचं, ते इथे खिडकीखाली धूळ खात पडलं होतं. सहज उघडलं, ओळखीच्या पानावर आले, आणि हसू जागच्या जागी थांबलं. त्या पानावर माझ्या तोंडी अकरा ओळी होत्या. तीन वर्षं मी तो प्रवेश केला होता आणि मला त्यात एकही ओळ नव्हती.

सांगते. आम्ही चार घरं, मुलांना घरीच शिकवणारी. दर रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत सगळे जमायचे आणि जुनी नाटकं, जुन्या कविता मोठ्याने वाचायचे. या सगळ्याची मुख्य माझी आई. ती छापखान्यांची मुद्रितं तपासते, त्यामुळे पुस्तकावर हात चालवताना तिला काही वाटत नाही. मुलांना नको अशा ओळींवर ती सगळ्यांच्या प्रतींत पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवायची. इतक्या सफाईने, की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. नियम असा, की पट्टी आली की एक श्वास घ्यायचा आणि पुढे जायचं. पट्टी कुणी खरवडायची नाही. आम्ही कधी खरवडलीही नाही. आता विचार केला की स्वतःचीच चीड येते.

नाटकातली राणी नवरा युद्धात गेल्यापासून मुलीला महालाबाहेर पाठवत नाही. मुलगी बाहेर पडायला दाराशी येते. राणी मोठं भाषण करते. मग पट्टी. मी श्वास घ्यायचे. मग राणी म्हणायची, "अंधार झाला, मुली. दिवा लाव." आई राणी व्हायची, मी मुलगी. वाचन संपलं की आई सगळ्यांना सांगायची, "बघा, तिची शांतताच किती बोलते!"

बोलते! अकरा ओळी होत्या तिला बोलायला!

तीन महिन्यांपूर्वी मी भांडून, जेवण सोडून, बाबांना मध्ये घालून शाळेत नाव घातलं. नववीत. पहिला आठवडा भिंतीला चिकटून काढला, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, वक्तृत्वात उभी राहिले आणि पहिली आले! आता मधल्या सुट्टीत माझ्याभोवती घोळका असतो. आमच्या गटातले सुतारकाका मला भोंगा म्हणतात, आणि मला ते आवडतं.

माझी धाकटी बहीण, नऊ वर्षांची चिमणी, रोज माझं दप्तर पाठीला लावून आरशासमोर उभी राहायची. तिचा प्रवेशअर्ज सोमवारपर्यंत द्यायचा होता. आई म्हणाली, "रविवारी चारही घरांसमोर ठरवू. एकेक मूल निघून गेलं तर उरायचं कोण?"

मी चिमणीला म्हटलं, "रविवारी तू फक्त बघत राहा."

रविवारी आई राणीचं भाषण म्हणत होती. छान म्हणते ती, खोटं कशाला बोलू. भाषण संपलं. सगळ्यांनी सवयीने श्वास घेतला.

मी उठून उभी राहिले.

"दार लावलेस तू, आई, वादळ बाहेर ठेवायला.
वादळ केव्हाच सरले. आत उरलो तू आणि मी."

आणि पुढच्या नऊ. एकही अडखळले नाही. शेवटची ओळ तर मी थेट आईकडे बघून म्हटली: "तुझ्या भीतीला माया म्हणून मी किती वर्षे नेसू?"

पुढची ओळ आईची होती. तिने पुस्तकात बघितलं, जणू ती ओळ तिथे नसेलच. "अंधार झाला, मुली," ती म्हणाली, आणि आवाज मध्येच फाटला. "दिवा लाव." आजवर मला ती ओळ मायेची वाटायची. राणीला उत्तर सुचत नव्हतं, म्हणून ती दिव्याचं बोलत होती.

"भोंग्या, कमाल केलीस गं!" सुतारकाका ओरडले. पण दुसऱ्या घरातल्या, गुरांच्या डॉक्टर असलेल्या मावशी त्यांच्या मुलाच्या पुस्तकातली पट्टी नखाने उचलत होत्या.

"हे होतं खाली? तू मला म्हणालीस, घाणेरडं काहीतरी आहे."

"मुलांच्या वयाला..." आई म्हणाली.

"वयाला? की तुला?"

आईने ओंजळीत तोंड लपवलं. मी तिला रडताना कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं, जिंकल्यावर मस्त वाटेल. तसं काही वाटलं नाही, तरी मी हनुवटी वर ठेवून उभी राहिले.

सुतारकाकांनी विषय बदलला. "बरं, चिमणाबाईंचं काय ठरलं? आमची हरकत नाही हो. जाऊ दे पोरीला."

डॉक्टरमावशी म्हणाल्या, "जाऊच दे." चौथ्या घराच्याही माना डोलल्या.

झालं! तिन्ही घरं माझ्या बाजूला. मी चिमणीकडे बघून डोळे मिचकावले.

चिमणी आईच्या खुर्चीला घट्ट धरून उभी होती. "मला नाही जायचं."

"अगं वेडे, कालपर्यंत तर..."

"नाही जायचं." तिने माझ्याकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. "तिथे गेलं की ताईसारखं होतं."

आईने तोंडावरचे हात काढले. मी वाट बघत होते, की आता ती म्हणेल, अगं, तसं नसतं, ताई वाईट नाही झाली. एवढंच म्हणायला हवं होतं तिने. मुद्रितात चूक दिसली की ती रात्रभर तळमळते. पण तिने चिमणीला जवळ ओढलं, तिच्या केसांवर गाल टेकला आणि डोळे मिटून घेतले.

सोमवारी शाळेच्या कचेरीतल्या बाईंनी विचारलं, "बहिणीचा अर्ज आणणार होतीस ना?"

"तिचा विचार बदलला," मी म्हटलं.

"स्वतःहून?"

"हो."

बाईंनी यादीतल्या एका ओळीवर रेघ मारली आणि माझ्या मागच्याला पुढे बोलावलं.