खिडकीतल्या पडद्याची साक्ष

मी पडदा बोलतोय. नाटकाचा नव्हे हो, साधा खिडकीचा. तुम्ही म्हणाल, पडद्याला कसलं आलंय चरित्र? दिवसभर लटकायचं आणि वाऱ्यानं हलायचं! पण ऐका तर खरं. एका कुटुंबाचं हातचं जाणारं घर माझ्यामुळं वाचलं, हे मी छाती फुगवून सांगतो. वारा असला की छाती जरा जास्तच फुगते, तेवढं सांभाळून घ्या.

मूळचा मी पडदा नव्हेच. गडद निळी चादर म्हणून मी मागावरून उतरलो. दुकानात आईनं मला तीनदा उलगडून पाहिलं आणि मगच घेतलं. आई म्हणजे आमच्या घरची आई. इस्त्रीच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही. बाबा फरश्या बसवतात. आणि त्यांची नऊ वर्षांची लेक चिमणी, जिची बडबड फक्त झोपेत थांबते.

त्यांच्या गावातला कारखाना बंद पडला, त्यापाठोपाठ बांधकामंही थांबली. मग एके सकाळी आईनं मला जमिनीवर अंथरलं, माझ्यात भांडीकुंडी घातली आणि चारी टोकांच्या गाठी मारल्या. पातेल्याचा काठ कुशीत खुपत होता, पण तक्रार करायची ती वेळ नव्हती. दोन दिवसांनी गाठी सुटल्या त्या परक्या शहरात.

पहिल्या खोलीत मला मधोमध दोरीवर टाकलं. अलीकडे आम्ही तिघं, पलीकडे पाच गवंडी. घरमालकानं मात्र कागदावर दोनच माणसं दाखवलेली! म्हणून तपासणी आली की तो दारावर थाप मारून ओरडायचा, "आवरा!" मग काय विचारता! गाद्या माळ्यावर, भांडी पोत्यात, मी चिमणीच्या दप्तरात आणि सगळी वरात मागच्या दारानं बाहेर. आमच्या माणसांचा हात इतका बसला की पाच मिनिटांत अख्खा संसार गायब. दोन वर्षांत अशा चार खोल्या झाल्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान घरमालक तरी नसतो.

शेवटी आईच्या लाँड्रीतल्या एकीनं मदत केंद्राचा पत्ता दिला. तिथं बाहेरून आलेल्या माणसांना घर मिळवून द्यायला मदत करतात. तिथल्या ताई म्हणजे खणखणीत आवाज आणि पायाला भिंगरी.

"आम्हाला इथली भाषा धड येत नाही," आई चाचरत म्हणाली.

"मग तुमच्या भाषेत बोला. मला कळेपर्यंत बोला!"

ताईंनी अर्ज भरले, कचेऱ्यांत बाबांबरोबर ताटकळल्या आणि केंद्राची एक तात्पुरती खोली मिळवून दिली. सहा महिने तिथं नीट राहायचं, मग तपासणी, आणि मग पक्कं घर. करार आईबाबांच्या नावाचा, कुणी मध्येच 'ऊठ' म्हणणार नाही असा.

त्या खोलीत मी पहिल्यांदा खिडकीचा पडदा झालो. खिडकीला पाच गज होते, त्यांतला तिसरा मधेच वाकलेला. त्या गजांना चिकटून सहा महिने मी दुपारचं ऊन खाल्लं.

आणि एक दिवस पत्र आलं, 'मंगळवारी तपासणी.' दोन शब्द, पण वाचले मात्र, आईच्या तोंडचं पाणी पळालं. ताईंना विचारावं हेसुद्धा कुणाला सुचलं नाही. दुधानं तोंड पोळलेली माणसं ती, ताक फुंकायचीच!

"चमचासुद्धा दिसता कामा नये," बाबा म्हणाले. मंगळवारी सकाळी सगळा संसार पोत्यांत भरून आमची माणसं बागेतल्या बाकावर जाऊन बसली. मी पुन्हा दप्तरात. संध्याकाळपर्यंत तिघंही अगदी खुशीत होती.

दुसऱ्या दिवशी ताई धापा टाकत आल्या. "अहो, काल होतात कुठं तुम्ही?"

"बागेत," आई अभिमानानं म्हणाली. "एक खूण ठेवली नाही!"

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो माझे आई, तुम्ही इथं राहता हेच बघायला साहेब आले होते! रिकामी खोली बघून 'इथे कोणी राहत नाही' असं लिहून गेले. आता यादीतून तुमचं नाव काढतायत."

बाबा मटकन खाली बसले. चिमणीनं हळूच विचारलं, "म्हणजे पुन्हा गाठोडं?" मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू, पुन्हा ते पातेलं पोटात घ्यायचं माझ्या जिवावर आलं होतं.

ताई मात्र हटल्या नाहीत. त्यांनी कचेरीत जाऊन साहेबांना शुक्रवारी पुन्हा यायला लावलं. साहेब आले, मांडलेला संसार पाहिला आणि म्हणाले, "सामान काय, कालही आणून मांडता येतं. सहा महिने राहिलात कशावरून?"

"शेजाऱ्यांना विचारा!" ताई म्हणाल्या.

शेजारच्या आजोबांना बोलावलं, तर ते म्हणाले, "इथं? कधी आवाज ऐकला नाही बुवा." कसा ऐकणार? आमची माणसं सहा महिने कुजबुजतच राहिली होती. चिमणीसुद्धा!

साहेब खिडकीकडे वळले. आई लाजेनं पुढं धावली आणि मला गोळा करू लागली. "हा जुना झालाय साहेब, उन्हानं पट्टे पडलेत. बदलणारच आहे."

"थांबा! हात लावू नका त्याला."

साहेबांनी मला गजांवर सपाट धरलं. गजांच्या सावलीत मी निळाच राहिलो होतो, मधल्या जागी पार विटलो होतो. साहेबांचं बोट पट्ट्यांवरून सरकत गेलं. एक, दोन... तिसरा पट्टा मधेच वाकलेला, नेमका त्या गजासारखा.

साहेब मोठ्यांदा हसले. "इतकं ऊन चार दिवसांत लागत नाही. तुम्ही लपलात, पण ह्याला काही लपता आलं नाही!" आणि त्यांनी कागदावर सही केली. आईचा जीव भांड्यात पडला. माझ्यात तोंड खुपसून ती ढसाढसा रडली आणि मी आनंदानं भिजलो.

पंधरा दिवसांत नवं घर मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकाला वेगळा ओटा. आईनं मोठ्या खिडकीला नवे पडदे घ्यायचं ठरवलं, पण चिमणी हटून बसली, "पहिला मान ह्याचा!" बाबा भिंतीला भोक पाडायचं यंत्र घेऊन उभे राहिले. हजार घरांत फरश्या बसवलेला माणूस, पण यंत्र काही सुरू करेना.

"ताई, भिंतीला भोक पाडलं तर चालेल ना?" घर बघायला आलेल्या ताईंना त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"तुमचं घर आहे, चाळणी करा भिंतीची!"

भोक पडलं, दांडी लागली, मी चढलो. आईनं लांब जाऊन पाहिलं. "अहो, दांडी तिरकी झाली की!"

"करू सरळ. उद्या नाही तर परवा," बाबा खुर्चीवरून उतरत म्हणाले. "घाई काय आहे? आता कुठं जायचंय आपल्याला?"

बोलले आणि आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. मग आईला हसू फुटलं, बाबांनाही फुटलं, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली.

त्याला आता तीन महिने झाले. मी अजून तिरकाच आहे. तुम्ही कधी ह्या रस्त्यानं गेलात तर वर बघा, खुशाल हसा. फक्त बाबांना दांडीची आठवण करून देऊ नका. ते काम उद्यावर आहे, आणि उद्याही आम्ही इथंच आहोत.