वरून चारा, खालून धार

मी गाडी बोलतेय. पण गाडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जी उभी राहते, ती मी नव्हे. चाकं मला चार आहेत. छप्पर नाही, दारं नाहीत, काच नाही. हँडल मोटारसायकलचं आणि टायर ट्रॅक्टरच्या धाकट्या भावाचे. दगडधोंड्यांतून, ओढ्याच्या वाळूतून, जिथं माणूस चपला हातात घेतो तिथून मी गुरगुरत जाते. शहरातले लोक मला एटीव्ही म्हणतात. शिरूर कासारच्या पलीकडे आमच्या वस्तीवर मला 'हे धूड' म्हणत.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. त्यातलं फारसं काही आठवत नाही. आठवतो तो गुलाल. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या सोमेश्वरदादांनी मला घेतलं ते स्वतःच्या विजयी मिरवणुकीसाठी. डीजे ठरला, हार ठरले, गुलालाची पोती आली, मीही आले. निकाल तेवढा यायचा होता. तो आला आणि दादा पडले. मग मला ताडपत्रीखाली ढकललं. पडलेल्या माणसाला मिरवणुकीची गाडी दारात कशी बघवणार? कोंबड्यांनी माझ्या सीटवर अंडी घातली, तेवढाच काय तो माझा लोकांना उपयोग झाला.

पुढे दादांच्या नातवाचं जावळ निघालं आणि पंगतीला बोकड हवे झाले. बोकड होते छबुबाईकडे. तिचा मुलगा बजरंग म्हणाला, "दादा, पैसे ऱ्हाऊ द्या, ते ताडपत्रीखालचं धूड द्या." दादांना तर ब्यादच गेल्यासारखी वाटली. बोकडांच्या बदल्यात सासरी गेलेली गाडी या जिल्ह्यात दुसरी असेल, तर मला तिला एकदा भेटायचंय.

छबुबाईचं सगळं आयुष्य शेळ्यांमागे गेलं होतं. आता शेळ्या म्हणायच्या डोंगरावर चल आणि गुडघे म्हणायचे अंगणातच बस. बजरंग दिवसभर दुधाच्या टेम्पोवर असे, सून वैष्णवी शिलाई मशीनवर. म्हणून बजरंगानं आईसाठी मला आणलं. नऊवारीचा काष्टा आवळून, काठी हँडलवर आडवी टाकून ती पहिल्यांदा माझ्यावर बसली, तेव्हा बघायला सगळी वस्ती लोटली होती. आठवडाभरात ती मला अशी चालवू लागली, की जणू जन्मली तीच माझ्या सीटवर.

तिच्या प्रत्येक शेळीला नाव होतं. चंद्री, मोरी, बाणी, ठेंगणी. कपाळावर चांद असेल त्यावरून, रंग असेल त्यावरून, उंची कमी असेल त्यावरून. ती नावानं हाक मारी आणि शेळी मान वळवी. मला मात्र नाव नव्हतं. मी डोंगर चढवायची, पाण्याचे कॅन वाहायची, नुकतं जन्मलेलं करडू घरी आणायची आणि तरीही धूडच. खोटं कशाला बोलू, मला ते लागायचं.

आता माझ्या दुखण्याचं सांगते. माझ्या उजव्या मुठीपाशी ब्रेकची लिव्हर आहे. ती दाबली की वरच्या इवल्याशा डबीतलं तेल बारीक नळ्यांतून चारही चाकांना जोर पोचवतं आणि मी थांबते. या तेलाला एक वाईट खोड आहे. ते हवेतला ओलावा पीत बसतं, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी बदलावं लागतं. पण माणसांची तऱ्हा अशी, की गाडी पळते कशानं याची चौकशी सगळे करतात, थांबते कशानं हे कुणी विचारत नाही. दर दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळाली, हळदकुंकू मिळालं, नारळ मिळाला. डबीचं झाकण कुणी उघडलं नाही.

व्हायचं ते झालं. एका दुपारी छबुबाई करडू मांडीवर घेऊन डोंगराच्या लांब उतारावरून खाली येत होती. ब्रेक दाबून दाबून तापला, तेलात मुरलेल्या पाण्याची वाफ झाली आणि लिव्हर कणकेच्या गोळ्यासारखी मऊ पडली. "थांब की गं बये!" छबुबाई ओरडली. मला का थांबायचं नव्हतं? मी काट्यांची कुपाटी मोडून सरळ कडब्याच्या गंजीत घुसले. देवाची कृपा, कुणाला खरचटलंही नाही. करडू बाहेर आलं, मागून पाचोळ्यानं माखलेली छबुबाई आली. शेळ्यांनी तेवढ्यात कुपाटीच्या भगदाडातून येऊन कडब्यावर ताव मारला.

बजरंग मात्र हादरला होता. "आये, बास झालं आता. येत्या बाजाराला शेळ्या इकून टाकू आन् हे धूड भंगारात घालू."

"शेळ्या इकून म्या काय करू? भिताडाकडं बघत बसू?"

"तुझे गुडघे न्हाईत, हिला ब्रेक न्हाई. डोंगरावर जाशील कशी?"

छबुबाई चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "आन् बाजाराच्या आत ब्रेक आला तर?"

"आला तर न्हाई इकायच्या. पर येतोय कुठला!"

खरंच, येणार कुठून? आमचा मिस्त्री सटवा टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेला. अर्ध्या वस्तीला कुलपं. बजरंगानं त्याला फोन लावला, तेव्हा तो फडातच होता. "सोपं हाय बे," तो ओरडून सांगू लागला. "तेलाची शीलबंद बाटली आण. लिव्हर दाबून धरायची. मग चाकापाशी निपल हाय, बारकी तोटी अस्ती तसा, तो पान्यानं जरा ढिला करायचा. नळी लावून ठिवायची, तेल बाटलीत पडंल. निपल आवळायचा, मंगच लिव्हर सोडायची. लांबच्या चाकापास्नं सुरू कर. आन् ध्यानात ठिव, वरच्या डबीत..." एवढ्यात मुकादमाची हाक आली, ट्रॅक्टर धडधडला आणि फोन कटला. नंतर तो लागलाच नाही.

डबीत काय, ते कुणालाच कळलं नाही. छबुबाईला त्याची गरजही वाटली नाही. "म्हंजी धारच काढायची की! त्यात काय हाय एवढं?" असं म्हणून ती दुधाचा तांब्या घेऊन माझ्या चाकापाशी बसलीसुद्धा.

"आत्याबाई, त्यात नगा! इखारी अस्तंय ते," म्हणत वैष्णवीनं तांब्या हिसकावून रिकामी बाटली दिली.

छबुबाईनं मला चहूबाजूंनी निरखलं. "सडं चार दिसत्यात हिला. शेळीला दोन अस्त्यात. ही तर गाय हाय की रं! आन् आपुन धूड म्हणत व्हतो."

मी लाजले. इतक्या वर्षांत माझ्याकडे इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं.

बजरंगानं लिव्हर दाबली, छबुबाईनं पाना फिरवला आणि चहाच्या उरलेल्या पाण्यासारखं काळं तेल नळीतून आलं. आता ऐका गंमत. शेळीची धार काढताना कासेत थेंब ठेवायचा नसतो, नाहीतर कास सुजते. हा छबुबाईचा जन्माचा शिरस्ता. तिनं माझीही शेवटच्या थेंबापर्यंत धार काढली. चारही चाकं कोरडी ठणठणीत केली आणि मगच बजरंगानं आणलेलं नवं तेल वरून ओतलं. पण मधल्या वेळात माझ्या नळ्यांमध्ये हवा जाऊन बसली होती. बजरंगानं लिव्हर दाबली, ती मुठीपर्यंत गेली. पुन्हा दाबली, तेच.

"पान्हा चोरला बयेनं," छबुबाई म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. बजरंग हात पुसत उठला. "जाऊ दे आये. उद्या बाजार हाय." मला त्यांच्याशी बोलता येत असतं तर मी ओरडले असते, की अरे, अजून एकदा बघा!

वैष्णवी मात्र नळीकडे बघत होती. "आत्याबाई, ह्यात बुडबुडे हायत बघा. वरची डबी कोरडी पडली तवाच वारं शिरलं आसंल. आपुन खालून वढत ऱ्हायलो, वरून कायबी दिलंच न्हाई."

छबुबाईनं कपाळावर हात मारला. "आगं, खरं की! पुढ्यात चारा टाकल्याबिगर कुठलं जनावर धार देतंय? वैष्णे, तू वरून चारत ऱ्हा. थांबू नगंस."

मग खरी सुरुवात झाली. वैष्णवी डबी भरती ठेवायची, बजरंग दाबायचा, छबुबाई पाना फिरवायची.

"दाबलं!"

"धर तसंच... सोडू नगं, आदी आवळू दे... हं, सोड."

बुडबुडे आले, फुसफुसले, कमी झाले. मग मधासारखी पिवळी, स्वच्छ, सलग धार लागली. एका चाकाला, दुसऱ्याला, चारही चाकांना. लिव्हर अशी कडक झाली की बजरंगाची बोटं थबकली. माझ्या लाल रंगावर चार थेंब सांडले होते. ते तेल रंग खातं, म्हणून वैष्णवीनं लगेच पाण्यानं धुऊन काढले.

अंगणात मी थांबले. पण परीक्षा उताराची होती. बजरंग बसायला निघाला तर छबुबाईनं त्याला बाजूला केलं. "शेळ्या माझ्या, गुडघे माझे. बसणार म्या."

आम्ही वरून निघालो. निम्म्या उतारावर चंद्री वाटेत आडवी उभी, रवंथ करत. छबुबाईनं लिव्हर दाबली. मी नाक खाली घातलं, चारही पाय रोवले आणि चंद्रीच्या शिंगांपाशी थांबले. चंद्रीनं मला हुंगलं आणि माझं चिखलरोधक रबर चघळायला सुरुवात केली. ब्रेक लागला याचा तिला काडीचाही आनंद झालेला दिसला नाही.

बजरंग धावत खाली आला. आईकडे बघत, माझ्याकडे बघत, घसा खाकरून म्हणाला, "आये, मग बाजाराचं..."

"जायचं की बाजाराला," छबुबाई म्हणाली. "ढेप संपलीय शेळ्यांची. आन् येताना कपिलेच्या तेलाची शीलबंद बाटली आण."

"कपिला कोण?"

छबुबाईनं माझ्या टाकीवर थाप मारली, जशी ती दूध दिलेल्या जनावराच्या पाठीवर मारते.

तेव्हापासून मी कपिला. शेळ्या आहेत, डोंगर आहे, छबुबाई आहे. दसऱ्याला आता हळदकुंकवाआधी डबीचं झाकण उघडतात. तुमच्या दारातल्या गाडीच्या वतीनं एवढंच मागते, की एकदा तिचंही झाकण उघडून बघा. तेल काळं दिसलं तर तिला गंजीत घुसायची वेळ आणू नका.

बरं, निघते. काष्टा आवळून झालाय, चंद्री पुढे गेलीय, आणि ऐका, मला नावानं हाक आलीय.